फायब्रोमायल्जिया: गोळी आणि व्यायाम यांचा मेळ कसा घालायचा

गोळ्या सुरू होऊन तिसरा आठवडा लागला होता आणि एका सकाळी उठले तर अंग चक्क हलकं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. मग काय, चहा घेतला आणि स्टूल ओढून माळा काढायला घेतला. तांब्याची भांडी, जुन्या गोधड्या, मुलाची पहिलीपासूनची वह्या-पुस्तकं, सगळं खाली. बारा वाजेपर्यंत माळा लख्ख. पुढचे चार दिवस मी पलंगावर, आणि अंग असं आंबलेलं की वेणी घालायला हात वर जाईना.

फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आजाराचं, निदान नव्याने झालेली बहुतेक माणसं एकदा तरी हा माळा काढतातच. काहींची चूक उलटी असते: गोळी चालू आहे ना, मग ती काय ते करेल, आपण पडून राहायचं. गोळी आणि व्यायाम एकमेकांत कसे बसवायचे, आधी काय, मग काय, किती मापाने, हे पुढे लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. सात वर्षं हे दुखणं अंगावर वागवणारी बाई आहे. डोसचे आकडे दिलेत ते डॉक्टर काय बोलतात हे तुम्हाला कळावं म्हणून. मनानेच मेडिकलमधून गोळ्या आणण्यासाठी नाहीत.

आधी निदान पक्कं करून घ्या

तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखणं, रात्रभर झोपूनही सकाळी शिणवटा, डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं, शब्द वेळेवर न आठवणं, हे सगळं एकत्र असेल तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघायचे, त्यातल्या ११ दुखल्या तर निदान. २०१० पासून ही पद्धत मागे पडली. आता शरीराच्या १९ भागांपैकी कुठेकुठे दुखतं, झोप, थकवा आणि विसराळूपणा किती, याची गुणसंख्या काढतात.

रक्ताच्या तपासण्या करतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला: थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर किंवा सीआरपी (अंगात कुठे सूज आहे का ते सांगणाऱ्या), ड आणि ब-१२ जीवनसत्त्व. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिनेही स्नायू दुखू शकतात. सांधे सुजणं, ताप, वजन उतरणं, हातापायांतली ताकद जाणं ही फायब्रोमायल्जियाची लक्षणं नव्हेत. ती असतील तर व्यायाम बाजूला ठेवून आधी संधिवाततज्ज्ञांना भेटा.

आणि मग ते वाक्य येतं. माझ्या जाऊबाईंनी फोनवर म्हटलं होतं, "अगं, रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आलेत ना, मग दुखतंय कुठे?" आमच्या सोसायटीत एक गाडी आहे, तिच्या बॉनेटवर मांजर चढलं तरी अलार्म अख्खी इमारत उठवतो. गाडी धड असते, अलार्म फार हळवा झालेला असतो. आपल्या मज्जासंस्थेचं तसंच झालेलं असतं. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सगळी औषधं आणि सगळा व्यायाम त्या अलार्मसाठी आहे.

गोळ्या कोणत्या आणि त्यांच्याकडून अपेक्षा काय

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरचा इथे फारसा उपयोग नाही, कारण त्या सूज उतरवतात आणि इथे सूजच नाही. स्टिरॉइडचाही नाही. "वातावरची पुडी" म्हणून कोणी बिनलेबलचं औषध देत असेल तर दोन हात लांब राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं बऱ्याचदा सापडलं आहे. दोन दिवस जादू, मग तोंडावर सूज आणि साखर वर.

डॉक्टर साधारणपणे चारपैकी काहीतरी लिहितात.

अमिट्रिप्टिलीन जुनी आणि स्वस्त. रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात, बऱ्याच जणांचं २५ पर्यंत भागतं. मेडिकलवाला किंवा गूगल सांगेल की ही डिप्रेशनची गोळी आहे. तिथे डोस बराच मोठा असतो; इथे ती मुख्यतः झोप गाढ करायला आणि दुखणं थोडं खाली आणायला. झोपताना अकराला घेतली तर सकाळी डोकं जड राहतं. आठ-साडेआठला घेतलेली मला मानवली. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा लघवी अडकण्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

ड्युलॉक्सेटिन सहसा ३० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ६० वर नेतात. पहिले आठ-दहा दिवस मळमळतं. जेवणानंतर घेतली की कमी. कॅप्सूल फोडून आतले दाणे पाण्यात टाकायचे नाहीत. यकृताचा त्रास असेल किंवा दारू नियमित असेल तर ही गोळी नको. रक्तदाब मधूनमधून मोजा.

प्रेगाबॅलिनने चक्कर येते, झोप येते, पाय सुजतात, वजन वाढतं. सगळ्यांना सगळं होत नाही, पण व्यायाम करणाऱ्याला यातल्या प्रत्येकाशी गाठ पडू शकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. आपल्याकडे ही एकटीही मिळते, पण बऱ्याचदा मिथाइलकोबालामिनबरोबर (ब-१२ जीवनसत्त्वाचा एक प्रकार), कधी नॉरट्रिप्टिलीनबरोबर एकाच गोळीत येते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वाचा. माझ्या एका मैत्रिणीला एका डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलीन दिली होती आणि दुसऱ्यांनी दिलेल्या "मज्जातंतूच्या गोळी"त नॉरट्रिप्टिलीन होती. दोन्ही एकाच घराण्यातल्या. सकाळी दहापर्यंत ती भिंतीला धरून चालायची.

चौथी मिल्नासिप्रान. हिने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढू शकतात, एवढं व्यायामासाठी लक्षात ठेवा.

अमेरिकेत प्रेगाबॅलिनला २००७, ड्युलॉक्सेटिनला २००८ आणि मिल्नासिप्रानला २००९ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. युरोपच्या औषध संस्थेने ती दिली नाही. म्हणजे या गोळ्या निरुपयोगी आहेत असं नाही, पण त्यांचा उपयोग माफक आहे. काहींना चांगलाच फरक पडतो, बऱ्याच जणांना थोडा, काहींना काहीच नाही. दुखणं दहापैकी सातवरून पाचवर आलं तर गोळी लागू पडली असं समजायचं. शून्यावर येण्याची वाट बघत बसाल तर दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलत राहाल. मी बदलले.

व्यायामाबद्दल मात्र मतभेद नाहीत. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळे उपचार तपासले तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली, व्यायामाची. गोळ्यांच्या वाट्याला "देऊन बघायला हरकत नाही" इतपतच आलं. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही व्यायाम आहे. पण सात गुण दुखत असताना आणि चार तास झोप झालेली असताना कोण चालायला जाईल? गोळी लागू पडली तर दोन गुण खाली येतात आणि झोप थोडी वाढते. तेवढ्या फटीत व्यायाम घुसवायचा, गोळी त्यासाठी.

एका वेळी एकच बदल

गोळी, चालणं, योगवर्ग आणि गहू सोडणं, सगळं एकाच सोमवारी सुरू केलं तर फरक कशाने पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्रास झाला तर नेमकी चांगली गोष्ट सोडली जाते.

पहिला आठवडा फक्त नोंद. मी वेगळी वही केली नाही, कारण वही हरवते. कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायचे: "दू २, दु ६, झो ४, चा ०". दूध दोन पिशव्या, दुखणं सहा, झोप चार तास, चालणं शून्य मिनिटं. महिन्याअखेर एक पान फोटो काढून डॉक्टरांना दाखवलं की "कसं वाटतंय?" "तसंच आहे" हा संवाद टळतो.

दुसऱ्या आठवड्यात गोळी सुरू. पहिले दहा-चौदा दिवस तिचे दुष्परिणाम अंगवळणी पडू द्या. या काळात घरातल्या घरात जे चालतं तेवढंच. चौथ्या आठवड्याच्या आसपास, मळमळ-चक्कर ओसरली की मोजून चालायला सुरुवात. त्यानंतर गोळीचा डोस वाढवायचा ठरला तर त्या आठवड्यात चालण्याची मिनिटं वाढवायची नाहीत. चालणं वाढवलं त्या आठवड्यात डोस हलवायचा नाही. डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवलं की तेही तारखा जुळवून देतात.

पहिली चार मिनिटं

माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्या मुलाच्या वयाच्या. पहिल्या दिवशी विचारलं, "काकू, किती चालू शकता?" मी ताठ्यात सांगितलं, "अर्धा तास." "आणि दुसऱ्या दिवशी?" मी गप्प.

त्यांनी दिलेली रीत अशी. तीन वेगवेगळ्या दिवशी, एक बरा, एक वाईट, एक मधला, सपाट रस्त्यावर चाला आणि दुखणं वाढायला लागेल तिथे थांबून मिनिटं मोजा. माझी आली ८, २ आणि ५. सरासरी ५. त्यातून पाचवा भाग वजा करा: ४ मिनिटं. हे झालं तुमचं माप. बऱ्या दिवशीही चारच, वाईट दिवशीही चारच. बऱ्या दिवशी चारवर थांबणं हे वाईट दिवशी चार करण्यापेक्षा अवघड आहे, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. सोसायटीच्या गेटपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. गिरणीवाला रोज विचारायचा, "काय वहिनी, डबा विसरलात?"

मग आठवड्याला साधारण दहावा भाग वाढ. चारचा दहावा भाग म्हणजे काहीच नाही, म्हणून सुरुवातीला दोन आठवड्यांनी एक मिनिट, दहा मिनिटांच्या पुढे गेल्यावर आठवड्याला एक. असं करत वीस मिनिटांवर पोचायला मला सहा महिने लागले. वीस ते तीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोन-तीनदा, हा टप्पा गाठायचा आहे. घाई नाही. अभ्यासांतसुद्धा व्यायामाचा फायदा आठवड्यांत मोजतात, दिवसांत नाही.

वेग किती? चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. मिल्नासिप्रान किंवा अमिट्रिप्टिलीनने तो आकडा बसल्या जागी वर जातो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी खाली राहतो.

व्यायामानंतर दुखणं थोडं वाढणारच. दहापैकी दोन गुणांपर्यंत वाढून दुसऱ्या दिवशी परत जागेवर आलं तर माप बरोबर. दोन दिवसांनीही उतरलं नाही तर माप जास्त झालं, पुढच्या वेळी एक पाऊल मागे. आणि थोड्याशा श्रमानंतर दर वेळी तीन-चार दिवस अंथरूण धरावं लागत असेल, दुखण्यापेक्षा थकव्यानेच पाडलं असेल, तर डॉक्टरांना नेमकं असंच सांगा. क्रॉनिक फटिग सिंड्रोम सोबत असू शकतो, आणि त्यात व्यायाम असा चढता वाढवणं बाधतं.

गोळीच्या वेळा आणि व्यायामाच्या वेळा

यावर कोणी फारसं बोलत नाही, म्हणून सविस्तर.

सकाळी अंग आखडलेलं असतं आणि रात्रीच्या गोळीची गुंगी उरलेली असते. पहाटे साडेपाचला "मॉर्निंग वॉक"चा आग्रह धरू नका. मी गरम पाण्याने अंघोळ करते, नाश्ता होतो, साडेआठला निघते. संध्याकाळ मानवत असेल तर संध्याकाळ, पण झोपेच्या अगदी तोंडावर नको.

अमिट्रिप्टिलीन आणि ड्युलॉक्सेटिन दोन्हींनी झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पाय हलवा, मग उठा. जमिनीवरच्या आसनांतून उठताना तेच. योगवर्गात सगळे पटकन उभे राहतात, आपण मागे राहायचं.

प्रेगाबॅलिन दिवसा घेत असाल तर ती घेतल्यावरचे दोन-तीन तास चालायला, जिन्याला आणि स्कूटीलाही टाळा, निदान अंदाज येईपर्यंत. पायांवर सूज दिसली तर मीठ कमी करून भागेल असं स्वतःच ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा. वजनाचा काटा पंधरा दिवसांनी एकदा.

उन्हाळा हा वेगळा विषय आहे. अमिट्रिप्टिलीनने घाम कमी येतो, म्हणजे अंग थंड व्हायची सोय कमी होते. ड्युलॉक्सेटिनने उलट घामाच्या धारा लागतात. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात दोन्ही वाईटच. तेव्हा चालणं सूर्य वर यायच्या आत, किंवा घरात पंख्याखाली हॉलच्या फेऱ्या. तोंड कोरडं पडतंच, पाण्याची बाटली बरोबर असू द्या.

आणखी एक. व्यायामाआधी "दुखू नये म्हणून" पेनकिलर टाकायची सवय लावू नका. दुखणं झाकलं गेलं की माप कळत नाही. शिवाय ड्युलॉक्सेटिनबरोबर अशा गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ताकदीचा व्यायाम, तिसऱ्या महिन्यापासून

चालणं स्थिरावल्यावर. वजन उचलायचं म्हटलं की आपण घाबरतो, पण स्वीडनमध्ये १३० बायकांवर झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, १५ आठवडे वजनांचा व्यायाम केलेल्यांची ताकद वाढली आणि दुखणं कमी झालं. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी सुरुवात हलक्या वजनाने करून हळूहळू वाढवली होती.

घरात एवढंच पुरे: खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं ५ वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणं ८ वेळा, भिंतीला हात टेकून ढकलणं ५ वेळा, आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून कोपरातून हात वाकवणं ५ वेळा. आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस सोडून. तीन आठवडे सुरळीत गेले की प्रत्येकात दोनची भर, मग लिटरची बाटली. ज्या दिवशी कपडे पिळले किंवा चकल्या पाडल्या, त्या दिवशी हातांचा व्यायाम झाला असं धरायचं. तो हिशोबात घेतला नाही म्हणून मी दोन दिवाळ्या झोपून काढल्या आहेत.

योगासनं चालतील, आवडत असतील तर उत्तमच. पहिल्या दिवशी बारा सूर्यनमस्कार घालायला लावणारा वर्ग मात्र सोडा. एक अर्धवट घातला तरी चालतो, भिंतीचा आधार घेऊन.

दुखणं उसळलं की

पावसाळ्याची सुरुवात, पाहुणे, जागरण, परीक्षेचे पेपर तपासणं, कशानेही उसळेल. तीन-चार दिवस माप निम्मं करा, शून्य करू नका. दहा मिनिटं चालत असाल तर पाच, तीही दोन तुकड्यांत. शेक घ्या. गोळी मनाने दुप्पट करायची नाही. उसळी ओसरली की आधीच्या मापावर दोन-तीन दिवसांत या.

काय एकत्र करू नये

ट्रॅमाडॉल ही पेनकिलर ड्युलॉक्सेटिन, मिल्नासिप्रान किंवा अमिट्रिप्टिलीनबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही नाही. खोकल्याच्या काही सिरपमधल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनचंही तेच. ही औषधं सेरोटोनिन नावाचं शरीरातलं रसायन वाढवतात, ते जास्त झालं तर हातपाय थरथरतात, ताप चढतो, जुलाब लागतात, जीव कासावीस होतो. असं झालं तर सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात जा. प्रेगाबॅलिनबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या नकोत. आणि यातल्या कुठल्याही औषधावर मनात जीव नकोसा झाल्याचे विचार यायला लागले, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

गोळी कमी करायची वेळ

पूर्ण डोसवर साधारण तीन महिने काढूनही कालनिर्णयच्या पानांवर काहीच फरक दिसत नसेल तर ती गोळी चालू ठेवण्यात अर्थ नाही; डॉक्टरांशी बोलून बदला. फरक दिसत असेल आणि चालणं वीस मिनिटांवर वर्षभर टिकलं असेल, तर कमी करण्याचा विषय काढायला हरकत नाही.

बंद मात्र एकदम नाही. ड्युलॉक्सेटिन अचानक सोडली तर चक्कर, मळमळ आणि डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके येतात; प्रेगाबॅलिन सोडली तर झोप उडते, घाम फुटतो. लोक हाच त्रास "आजार परत आला" म्हणून धरतात. स्ट्रिपमध्ये दहा गोळ्या उरल्या की नवी आणा, गणपतीच्या सुट्टीत औषध संपलं असं होऊ देऊ नका.

डोस कमी करायला मोकळा महिना निवडा. माझी ड्युलॉक्सेटिन ६० वरून ३० वर यायची तारीख भाचीच्या लग्नाच्या आठवड्यात येत होती, मी डॉक्टरांना विचारून ती दीड महिना पुढे नेली. नंतरचे तीन आठवडे चालणं एका मिनिटानेही वाढवलं नाही, आणि माळ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.